वेळेवर भरणारी

धाकट्या जावेला कर्जाच्या कंपनीकडून पैसे परत आले, ही बातमी थोरलीला तिच्या नवऱ्याने जेवता जेवता सांगितली, आणि तिच्या हातातला घास हातातच राहिला.

नवऱ्याला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभरात कुठली लिफ्ट कुठल्या मजल्यावर अडकली हे सांगता सांगता मध्येच म्हणाला, की खाली भाऊ भेटला होता, खुशीत होता, त्याच्या बायकोच्या खात्यात कंपनीने मोठी रक्कम टाकली आहे, हिशेबात चूक झाली होती म्हणे. एवढं बोलून त्याने पाणी मागितलं. थोरलीने पाणी दिलं, पण तांब्या इतक्या जोरात ठेवला की त्याने मान वर करून पाहिलं.

"मला नाही आले," ती म्हणाली.

"तुझ्यात चूक नसेल झाली."

हेच तर तिला बोचलं.

एकाच इमारतीत राहणाऱ्या या दोघी जावांनी कर्ज एकाच कंपनीकडून, एकाच आठवड्यात काढलं होतं. थोरली पडदे शिवायची. घराची पुढची खोली म्हणजेच तिचा कारखाना होता. कापायचं टेबल, दोन मशिनी आणि भिंतीला टेकवलेले कापडाचे गठ्ठे. जाड कापडाचं नवं मशीन घ्यायला तिने कर्ज काढलं. धाकटीने समोरच्या दुकानांच्या रांगेत बायकांचं पार्लर टाकलं, त्यातल्या खुर्च्या-बेसिनसाठी तिने काढलं. थोरलीचं मशीन खिडकीपाशी होतं आणि खिडकीतून थेट पार्लरचं दार दिसायचं. त्यामुळे धाकटी किती वाजता दार उघडते, किती गिऱ्हाइकं येतात आणि मधल्या वेळात शेजारच्या चपलांच्या दुकानदाराशी किती गप्पा छाटते, याची सगळी खबर थोरलीला मशीनवर बसल्या बसल्या मिळायची.

घरात थोरलीला सगळे 'घड्याळ' म्हणत आणि धाकटीला 'आलेच'. कारण कधीही हाक मारली की ती "आलेच" म्हणायची आणि त्यानंतर पुष्कळ वेळाने यायची. कर्जाचंही तसंच. थोरलीचा हप्ता तारखेच्या आदल्या दिवशी गेलेला असायचा. त्यासाठी तिने चष्म्याची तडकलेली काच तशीच वापरली होती. एक दाढ वाचवण्यापेक्षा उपटणं स्वस्त पडतं म्हणून उपटून टाकली होती. धाकटीचा हप्ता मात्र एकदा गेला, एकदा राहिला, मग दोन एकदम गेले, असं चालायचं. दंड भरायची आणि वर हसायची.

आणि चूक झाली होती ती नेमकी दंडाच्या हिशेबात. उशिरा आलेल्या हप्त्यावर दंड एकदाच लागायला हवा होता. पण कंपनीच्या कॉम्प्युटरने हप्ता भरून झाल्यावरही तोच दंड महिन्यामागून महिने लावला, त्या दंडावर व्याजही लावलं. तपासणीत ते उघडकीला आलं, तेव्हा कंपनीने जास्तीचे सगळे पैसे परत केले, आणि झालेल्या त्रासाबद्दल वर आणखी रक्कम दिली. ज्यांनी ज्यांनी उशीर केला, त्यांना पैसे. ज्यांनी वेळेवर भरले, त्यांना काही नाही.

थोरलीला हे पटवून घ्यायला फार जड गेलं. पैसे धाकटीचेच होते, तिच्याकडूनच जास्त घेतले गेले होते, हे तिला कळत होतं. पण कळणं एका बाजूला आणि पोटात दुखणं एका बाजूला. वर दिलेली ती त्रासाबद्दलची रक्कम तर तिच्या डोळ्यांपुढून हलेना. त्रास कुणाला झाला? ती तर हसत होती. दाढ कुणाची गेली?

दोन दिवस तिने कळ काढली आणि मग चांगली साडी नेसून कंपनीच्या ऑफिसात गेली. काउंटरवरच्या मुलीला सर्दी झाली होती. नाक पुसत पुसत तिने थोरलीचं खातं उघडलं, वरून खालपर्यंत पाहिलं आणि कौतुकाने म्हणाली, की इतकं स्वच्छ खातं तिने आजवर पाहिलं नाही. थोरलीने विचारलं, की मग परत काय मिळेल? मुलगी म्हणाली, की तुमच्याकडून कधी दंड घेतलाच नाही, तर परत काय करायचं?

"म्हणजे मी एकदा तरी उशीर करायला हवा होता," थोरली म्हणाली.

मुलीला तो विनोद वाटला. ती हसली, शिंकली आणि म्हणाली, की तुम्हाला नवीन कर्ज मात्र आम्ही उभ्या उभ्या देऊ. थोरली उठली. येताना पार्लरवरून यावं लागलं. आत दोन माणसं भिंतीएवढा आरसा उचलून धरून उभी होती आणि धाकटी "जरा डावीकडे, जरा वर" करत होती. तिने काचेतून थोरलीला हात केला. थोरलीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली, म्हणजे हात करायला नको.

त्याच आठवड्यात धाकटी जिना चढून वर आली. काखेत कापडाचा भला मोठा गठ्ठा होता. पार्लरच्या तिन्ही खिडक्यांना पडदे करायचे होते.

"नेहमीचा दर लावा हं, ताई," ती म्हणाली. "घरचं म्हणून कमी करायचं नाही. आता आहेत पैसे."

आणि तिने पुरी शिलाई आगाऊ टेबलावर ठेवली. एरवी थोरलीला याचं बरं वाटलं असतं. आज तिला वाटलं, बघा, आता ही मला काम देणार. गठ्ठा सोडला तर आत सुंदर सुती कापड निघालं, जाड, पण हाताला मऊ, आणि रंग पावट्याच्या फुलासारखा फिका जांभळा. खरं म्हणजे थोरलीने स्वतः निवडलं असतं तर हेच निवडलं असतं. तिची आयुष्यभर अशी समजूत होती, की धाकटीला भडक तेवढंच कळतं. तीही आज हातची गेली.

सुती कापड शिवायच्या आधी थोरली ते कायम भिजवून घ्यायची. टबात बुडवून ठेवायचं, गच्चीत वाळवायचं, इस्त्री करायची आणि मगच कात्री लावायची. नाहीतर पहिल्याच धुण्यात कापड आटतं आणि पडदा खिडकीच्या वर जाऊन बसतो. गिऱ्हाइकाने कितीही घाई केली तरी तिने हा नियम मोडला नव्हता. त्या दिवशीही तिने टब भरला. कापड उचलून टबापाशी नेलं. आणि तिथे उभी राहिली.

खिडकीतून पार्लर दिसत होतं. नवा आरसा लागला होता आणि त्यात रस्त्यावरचं ऊन पडून सगळं दुकान उजळून निघालं होतं.

तिने टबातलं पाणी सोडून दिलं आणि कोरडंच कापड टेबलावर अंथरलं.

ती विसरली नव्हती. वेळ नव्हता असंही नव्हतं, जरी मनाशी तिने तसं म्हटलं. शिवण मात्र तिने अशी घातली, की डोळ्यात तेल घालून पाहिलं तरी खोट सापडू नये. चुण्या एकसारख्या, खालची दुमड सरळ रेघेत, अस्तर कुठे फुगलेलं नाही. दुमडीत एरवी ती चार बोटं कापड जास्तीचं सोडायची. तेही सोडलं नाही. पडदे जमिनीला टेकतील न टेकतील असे बरोबर उतरले.

पडद्यांनी पार्लरची कळा बदलली. बायका खुर्चीत बसल्या बसल्या मान वळवून पडद्यांकडे बघायच्या, आणि धाकटी प्रत्येकीला सांगायची, की हे माझ्या जाऊबाईंनी शिवलेत, त्यांच्यासारखा हात या भागात कुणाचा नाही. तोंडभरून सांगायची. मग एकेक बाई जिना चढून वर यायला लागली. एकीला बैठकीच्या खोलीचे पडदे हवे होते, एकीला दवाखान्याचे. थोरली मापं घ्यायची, आगाऊ पैसे घ्यायची आणि जीव खाली पार्लरच्या खिडक्यांत लटकलेल्या त्या जांभळ्या कापडात अडकलेला असायचा. एक धुणं, की सगळ्या गावाला कळणार. तरीसुद्धा, खरं सांगायचं तर, भीतीपेक्षा जास्त तिला धाकटीचं तोंडभरून सांगणंच खुपायचं. हिला काय जातंय कौतुक करायला? खिसा भरलेला असला की कुणालाही मोठं मन करता येतं.

हे ती एका संध्याकाळी नवऱ्यापुढे बोलून गेली. तो जमिनीवर बसून घरातला पंखा खोलत होता. ती टीप घालत होती आणि मशीनच्या आवाजावर आवाज चढवून म्हणत होती, की उशीर करणाऱ्यांची चैन आहे या जगात, आणि आमच्यासारख्यांनी पोटाला चिमटा काढून वेळेवर भरावं आणि बघत बसावं.

नवऱ्याने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"माझं काम बंद पडलं होतं तेव्हाचे हप्ते तू कशातून भरलेस?" त्याने विचारलं.

तिने मशीन थांबवलं. म्हणाली, की तुम्ही आणून दिलेत त्यातून. ठेकेदाराने उचल दिली होती ना.

"ठेकेदाराने नाही. ठेकेदार तर फोनसुद्धा उचलत नव्हता."

मग त्याने सांगितलं. तो भावाकडे मागायला गेला होता. भावाजवळ काही नव्हतं. धाकटी आतून ऐकत होती. तिने तिच्या हप्त्याचे बाजूला काढलेले पैसे आणून त्याच्या हातावर ठेवले. पुढच्या महिन्यातही ठेवले, आणि काम सुरू होईपर्यंत ठेवत राहिली. नंतर त्याने ते थोडे थोडे करून फेडले होते, आता काही देणं नव्हतं. पण तिचे हप्ते चुकायला लागले ते तेव्हापासून, आणि एकदा घडी विसकटली ती विसकटलीच.

"मला का नाही सांगितलंत?"

"तिने शपथ घातली होती. म्हणाली, माझा उशीर झाला तर कुणाला नवल वाटणार नाही. ताईंचा झाला तर त्यांना सहन व्हायचं नाही."

थोरलीने सुईखालचं कापड काढून घेतलं. लाज वाटली, ती वाटलीच. त्याच दिवसांत एकदा सगळे एकत्र जेवायला बसले असताना तिने धाकटीला चारचौघांत ऐकवलं होतं, की माणसाला आपल्या शब्दाची चाड हवी, हप्ता म्हणजे शब्द असतो. धाकटी तेव्हा हसून वाढायला उठली होती. दीर खाली मान घालून जेवत राहिला होता आणि हिचा स्वतःचा नवराही. म्हणजे त्या ताटांभोवती बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं, एकटी तीच बोलत होती.

पण लाजेच्या पाठोपाठ दुसरंही काही आलं आणि ते जास्त वाईट होतं. पैशांचा हेवा तिला निदान कळत होता. पैसे मोजता येतात, उद्या आपल्यालाही मिळतील असं म्हणता येतं. पण देऊन गप्प बसणं, वर बोलणी खाऊन हसत वाढायला उठणं, हे तिच्याकडे नव्हतं. स्वच्छ खातं एवढी एकच गोष्ट तिच्या मालकीची होती, आणि तीही धाकटीने दिलेली निघाली. त्या रात्री तिला जावेचा जितका राग आला तितका कधीच आला नव्हता.

सकाळी उठल्यावर तिने ठरवलं, की पार्लर बंद असेल त्या दिवशी, अस्तर बदलायचं आहे असं काहीतरी सांगून, पडदे उतरवून आणायचे. मागोमाग त्याच रंगाचं कापड घ्यायचं आणि गुपचूप नवे शिवून टांगायचे. कापड कुठे मिळेल याची चौकशीही तिने केली. पण सुट्टीचा दिवस यायच्या आतच पार्लरमध्ये केसांच्या रंगाची बाटली उपडी झाली.

धाकटी वर आली ती दारातच थांबली. दोन्ही हातांवर ओले पडदे होते आणि त्यांचं पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"माझ्या हातून घोळ झाला, ताई," ती म्हणाली. "डाग पडला म्हणून लगेच धुवायला टाकले. पाणी जरा गरम होतं बहुतेक. बघा ना, केवढे आटले. तुमची एवढी मेहनत मी पाण्यात घातली."

तिने एक पडदा उलगडून दाखवला. वीतभर तरी वर गेला होता, आणि अस्तर आटलेलं नसल्यामुळे खाली झोळीसारखं लोंबत होतं. धाकटीचा चेहरा खरोखर उतरला होता. थोरलीला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की असू दे, होतं असं. ते वाक्य तिच्या जिभेवर आलंही. तेवढं म्हटलं असतं की सगळं मिटत होतं, उलट धाकटीच तिच्या उपकारात राहिली असती. आणि नेमकं तेच तिला नको झालं. हिने आणखी एक चूक स्वतःच्या अंगावर घ्यायची आणि आपण पुन्हा एकदा स्वच्छ राहायचं.

"पाण्याने नाही आटले," ती म्हणाली. "मी कापड भिजवून घेतलं नव्हतं."

"विसरलात?"

"नाही."

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. मग पडदे हळूच कापायच्या टेबलावर ठेवले आणि पदराला हात पुसले.

"का?"

"तुला पैसे मिळाले म्हणून."

मोठ्याने म्हटल्यावर ते इतकं क्षुल्लक वाटलं, की थोरलीला आपलाच आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. धाकटी स्टुलावर बसली. 

"पैसे आले तेव्हा मी तुम्हाला मुद्दामच सांगितलं नाही," धाकटी म्हणाली. "म्हटलं, त्यांना त्रास होईल. तुम्ही टोमणे माराल, थोडे दिवस बोलणार नाही, हे धरूनच चालले होते मी. पण कापडावर राग काढाल असं नव्हतं वाटलं. कापडावर नाही, ताई."

थोरलीने सांगितलं, की जुन्या हप्त्यांचं तिला आता कळलं आहे. धाकटीने नुसती मान हलवली. उठली आणि पडदे तिथेच टाकून जिना उतरून गेली. खिडकीतून थोरलीने तिला रस्ता ओलांडताना पाहिलं. चपलांचा दुकानदार काहीतरी म्हणाला, त्यावर ती थांबली नाही.

थोरलीने तेच कापड शोधून आणलं, स्वतःच्या पैशाने. टबात भिजवलं, गच्चीत वाळवलं, इस्त्री केली, दुमडीत चार बोटं सोडली आणि नवे पडदे नेऊन स्वतः टांगले. धाकटी एका बाईचे केस कापत होती. तिने कात्री न थांबवता "ठेवा तिकडे शिडी" एवढंच म्हटलं. आभार नाहीत, की रागही नाही. गिऱ्हाईक म्हणालं, पडदे जरा बदललेले वाटतात. त्यावर धाकटी म्हणाली, की धुतले, म्हणून उठून दिसतायत. खरं काय झालं ते कुणापाशी ती एका शब्दाने बोलली नाही. पडद्यांची कामं ती पहिल्यासारखीच वर पाठवत राहिली, फक्त आता सांगताना कौतुक करायची नाही. पत्ता तेवढा सांगायची. थोरलीला ते कळलं. जे कौतुक खुपत होतं, ते बंद झाल्यावर जास्तच खुपायला लागलं.

बोलणं पुन्हा सुरू व्हायला बरेच महिने गेले, आणि तेही कुणी माफी मागून नाही. इमारतीचा पंप बिघडला. सगळ्यांना खालून पाणी वाहून आणावं लागत होतं. जिन्यात दोघी समोरासमोर आल्या. धाकटीची बादली जड होती; थोरलीने दुसऱ्या बाजूने कडी धरली. वळणावर दम खायला थांबल्यावर धाकटीने विचारलं, की भावजी एवढ्या लिफ्टी दुरुस्त करतात, त्यांना हा पंप नाही का जमत? थोरली म्हणाली, की ते म्हणतात पंप म्हणजे वेगळी जात आहे. धाकटी हसली. बादलीतलं पाणी दोघींच्या पायांवर सांडलं.

पुढे धाकटीचं पार्लर इतकं चालायला लागलं, की तिने बाजाराच्या तोंडावर दुसरी जागा बघितली. कर्ज काढायचं होतं, दुसऱ्या एका बँकेतून. बँकेला जामीनदार हवा होता, ज्याचं खातं कधी चुकलेलं नाही असा. ते विचारायला ती वर आली तेव्हा थोरली कापड बेतत होती.

"मी उशीर केला तर तुमच्यावर येईल," धाकटी म्हणाली. "विचार करून सांगा. नाही म्हणालात तरी चालेल."

थोरलीने विचार केला नाही असं नाही. दुसरं पार्लर. तेही बाजाराच्या तोंडावर. आपण मात्र याच खोलीत, याच टेबलापाशी. ती जुनी ओळखीची असूया पुन्हा जागी झाली. तिला वाटलं होतं, एवढं सगळं झाल्यावर ती निघून गेली असेल. गेली नव्हती. कदाचित जाणारही नव्हती.

"हप्त्याची तारीख कुठली?" तिने विचारलं.

धाकटीने सांगितली.

"मी आदल्या दिवशी तुझ्या दारात येऊन उभी राहीन. दर महिन्याला. पटत असेल तर सही करते."

"या की," धाकटी म्हणाली. "चहा टाकीन."

दुसऱ्या दिवशी दोघी बँकेत गेल्या. थोरलीने चष्मा नीट करून, वाचून वाचून, प्रत्येक पानावर सही केली. बाहेर पडल्यावर धाकटी तिला नवी जागा दाखवायला घेऊन गेली. जागा चांगली होती, उजेड भरपूर होता. इतकी चांगली, की थोरलीला तोंडाने तसं म्हणवेना. मग ती खिडकीपाशी गेली आणि चौकटीवर हात ठेवून, वीत वीत मोजत, माप घ्यायला लागली.